टँकर पावसात भिजत होता

जून २०२३ चा शेवटचा आठवडा. त्या वर्षी मान्सूनने आपल्याला चांगलंच ताटकळत ठेवलं होतं. अखेर २५ जूनला तो मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी दाखल झाला आणि आमच्या पुण्यातही पावसाने जोर धरला. सकाळी ऑफिसला निघाले, तर सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर उभा. ड्रायव्हर डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन जमिनीखालच्या टाकीत नळी सोडत होता. त्याच्यापासून चार पावलांवर, गच्चीवरून खाली येणारा पावसाचा पाइप धो धो गटारात ओतत होता. विकतचं पाणी आत येत होतं, फुकटचं बाहेर चाललं होतं.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, छत्री धरून टँकरची पावती घ्यायला थांबले होते. मला म्हणाले, "सूनबाई, आपण शहाणे की वेडे?"

मी घड्याळाकडे बघत हसले आणि निघून गेले. पण तो प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना.

त्याला कारणही तसंच होतं. एप्रिलमध्ये सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली होती, 'पुढील सूचना मिळेपर्यंत कुंड्यांना पाणी घालू नये.' आमच्या सासूबाईंच्या गच्चीवर तीस कुंड्या. तुळस, मोगरा, जास्वंद, गवती चहा, पानओवा आणि जुन्या घरून रोप आणून वाढवलेला कढीपत्ता. सूचना लागल्यापासून त्या तांदळाचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत जमवून दोन जिने चढून वर नेत होत्या. गुडघे दुखत होते, पण कुणाला सांगत नव्हत्या. तरी मे महिन्यात मोगरा गेला. त्या दिवशी त्या जेवायला बसल्या, पण घास काही उतरला नाही. "झाडच ते," असं म्हणायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. बरं झालं, म्हणाले नाही.

हिशेब अगदी सोपा आहे

पावसाच्या पाण्याचा हिशेब शाळेतलं मूलही करील. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. आपल्याला चौरस फुटांची सवय, म्हणून चौरस फुटांना अकराने भागा. झाले ढोबळ चौरस मीटर. पाचशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ४५ चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक बऱ्यापैकी सर आली, तर तिच्यावर ४५० लिटर पाणी पडतं. थोडं स्लॅब पितो, थोडं उडून जातं, थोडं वाकडंतिकडं वाहतं. पाचवा हिस्सा सोडून द्या. तरी साडेतीनशे लिटर हाताशी राहतात!

पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे या एवढ्याशा गच्चीवरून वर्षाकाठी पंचवीस हजार लिटर पाणी वाहून जातं. दहा हजार लिटरचे अडीच टँकर! मुंबईकरांच्या वाट्याला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येतो, बंगळूरला हजाराच्या आसपास, चेन्नईला त्याहूनही जास्त. तुमच्या गावचा आकडा घ्या, गच्चीच्या मापाने गुणा, बघा काय येतं ते. रात्री जेवणं झाल्यावर मुलांना हे गणित घाला. आमच्याकडे चौथीतल्या चिरंजीवांनी उत्तर काढलं आणि विचारलं, "मग आपण विकत का घेतो?" अण्णांचाच प्रश्न, वेगळ्या शब्दांत.

घंगाळापासून कान्हेरीपर्यंत

खरं तर यात नवीन काहीच नाही. कोकणात, घाटमाथ्यावर पागोळ्यांखाली घंगाळ, हंडे, कळश्या लावून ठेवायची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल. कौलांच्या कडेला पत्र्याची पन्हळ आणि तिच्या तोंडाशी रांजण. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी बघायला गेलात, तर मूर्तींइतकंच लक्ष पायांखालीही असू द्या. कातळात कोरलेल्या बारीक पन्हळी डोंगरावरचं पाणी लेण्यांशेजारच्या टाक्यांत आणून सोडतात. आपल्या गडकिल्ल्यांवरची टाकी तर आपण सहलीत पाहिलेलीच असतात. गडावर नदी नव्हती, विहिरीला पाणी लागेल याची खात्री नव्हती. जे काही होतं ते आभाळातून येणारं.

राजस्थानात जिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही, तिथे अंगणात टांकं बांधून तेच पाणी वर्षभर पुरवून पुरवून वापरायची रीत आहे. अहमदाबादच्या जुन्या पोळांमधल्या घरांखालीही अशी टाकी आहेत. पोरबंदरला गांधीजींच्या जन्मघरातसुद्धा जमिनीखालचं टाकं बघायला मिळतं. तिकडे मिझोरामात, ऐझॉलच्या डोंगरउतारावरची घरं छपराच्या पत्र्यांना पन्हळी जोडून पाणी टाकीत घेतात.

नळ आला आणि आपण हे सगळं विसरलो. मग २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, २०१९ साली चेन्नईला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय कोरडे पडायला आले. खरं म्हणजे तामिळनाडूने २००३ सालीच इमारतींना पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं सक्तीचं केलं होतं. पण नुसता नियम झाल्याने टाकी भरत नाही. दरवर्षी गच्चीवर चढून जाळीत अडकलेला पाला काढणारा हातही लागतो.

आमची चूक

उत्साहाच्या भरात आम्ही जुन्या बाजारातून दोनशे लिटरची दोन निळी पिंपं आणली. पाइपखाली लावली. वर पोत्याचं फडकं बांधलं. दोन दिवसांत पिंपं काठोकाठ! सोसायटीतले सगळे येऊन बघून गेले. सासूबाईंनी चक्क पेढे वाटले.

ऑगस्टच्या मध्याला तळमजल्यावरच्या शेजारणीच्या सहा वर्षांच्या मुलीला ताप आला. तीन दिवस उतरेना. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पोर दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या आरोग्य खात्याचा माणूस तपासणीला आला. त्याने आमच्या पिंपावरचं फडकं बाजूला केलं, बॅटरीचा झोत टाकला आणि मला हाक मारली. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या मला स्पष्ट दिसल्या. फडकं एका बाजूने घसरलं होतं आणि आठवडाभर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं.

तो डास आमच्याच पिंपातला होता का, हे कोण सांगणार? शेजारीण एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं. अण्णांनी त्याच संध्याकाळी दोन्ही पिंपं आडवी केली. मुलगी आठ दिवसांनी घरी आली, पण त्या आठ दिवसांत आमच्या घरात कुणाला नीट झोप लागली नाही.

म्हणून हा लेख लिहिताना आधी डासाबद्दल सांगते, मग पिंपाबद्दल.

डेंग्यूचा डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. चावतो तोही दिवसा. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं आरोग्य खातं सांगतं. आणखी एक गोष्ट त्या तपासणीवाल्याने सांगितली, ती आम्हाला माहीत नव्हती. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरड्यात महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. तेव्हा पिंप नुसतं रिकामं करून उपयोग नाही. आतून काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासायलाच हवं.

पिंप बसवायचं कसं?

डिसेंबरात आम्ही पुन्हा सुरुवात केली, या वेळी शिकून. प्लंबर, सोसायटीची कार्यकारिणी आणि ओळखीतले एक निवृत्त इंजिनिअर यांना विचारून. त्यातून जे हाती लागलं, ते असं :

पिंप कशाचं होतं ते आधी विचारा. जुन्या पिंपांत सरबत, तेल, लोणचं असं खाण्याचं काही असलेलं चालेल. रसायन किंवा औषधफवारणीचं असेल तर फुकट मिळालं तरी नको. पारदर्शक नको, गडद रंगाचं घ्या. उजेड आत गेला की शेवाळ धरतं.

झाकण घट्ट हवं. फिरकीचं किंवा पट्टी आवळून बसणारं. फडकं, फळी, परात ही झाकणं नव्हेत. पाइप आत जातो ती जागा आणि जादा पाणी बाहेर पडतं ते तोंड, दोन्हींवर डासांची बारीक जाळी दुहेरी करून तारेने आवळा. बहुतेक जण वरचं तोंड बंद करतात आणि बाहेर पडणारी नळी विसरतात. डास तिथून आत शिरतो. घट्ट झाकणाचा दुसरा फायदा म्हणजे लहान मूल आत डोकावून पडायची भीती राहत नाही.

पहिलं पाणी सोडून द्या. उन्हाळाभर गच्चीवर धूळ, पाला, कबुतरांची घाण साठलेली असते. पहिल्या दोन मोठ्या सरी गटारातच जाऊ द्या. पुढेही आठवडाभर उघडीप पडली, तर नंतरच्या सरीचं पहिलं दहा मिनिटांचं पाणी घेऊ नका. पाइपाला एक जोड आणि झाकण बसवलं, की पाणी हवं तिकडे वळवता येतं. गच्चीवर नुकतंच डांबर किंवा गळती थांबवणारं रसायन लावलं असेल, तर तो पावसाळा सोडूनच द्या.

वजनाचा विचार करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेलं पिंप दोनशे किलोचं, हजार लिटरची टाकी एक टनाची. पुढे आलेल्या गॅलरीत असलं ओझं ठेवू नका. गच्चीवर ठेवायचं तर कुठल्या तुळईवर ठेवावं ते इंजिनिअरला विचारा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

खाली विटांचा ओटा करा, दीड-दोन फूट उंच. म्हणजे नळाखाली बादली सहज बसते. नळ बुडापासून तीन-चार बोटं वर लावा, खालचा गाळ खालीच राहील. भरून वाहणारं पाणी पायाच्या भिंतीशी साचू देऊ नका. नळी लावून बागेत किंवा पावसाळी गटारात सोडा. मैल्याच्या गटाराला मात्र पावसाचं पाणी कधीही जोडू नका. जोराचा पाऊस आला की तेच पाणी उलटं तळमजल्यावरच्यांच्या मोरीत येतं.

पिंपावर ठळक लिहा, 'पिण्यासाठी नाही.' हे पाणी झाडांसाठी, अंगण-जिना धुण्यासाठी, गाडी पुसण्यासाठी. कोथिंबीर, पुदिना असं कच्चं खायचं काही लावलं असेल, तर पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी घाला आणि भाजी धुऊनच घ्या.

आम्हाला एक अडचण मात्र वेगळीच होती. झाडं वर आणि गच्चीचं पाणी साठणार खाली! सासूबाईंनी पुन्हा बादल्या वर न्यायच्या? तोड अण्णांना सुचली. गच्चीवर जिन्याच्या खोलीचं छोटं छप्पर आहे, साधारण शंभर चौरस फुटांचं. त्याच्या कडेला पन्हळ लावून एक पिंप तिथेच ठेवलं. दहा मिलिमीटरच्या सरीत त्यात सत्तर लिटर पाणी पडतं. तीन-चार सरींत पिंप भरतं आणि पाणी वरच्या वर वापरता येतं. दुसरं पिंप खाली, मोटारी आणि जिने धुवायला.

पावसाळ्यात झाडांना पाणी कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच हवा. पाऊस पडतो तेव्हा झाडांना पाणी लागत नाही आणि लागतं तेव्हा पिंप रिकामं, असं होऊन चालणार नाही.

उत्तर उघडिपीत आहे. ऑगस्टमध्ये आठ-पंधरा दिवस पाऊस दडी मारतो, तेव्हा कुंड्या लगेच सुकतात. जमिनीतल्या झाडाइतका ओलावा कुंडीत टिकत नाही. आमच्या तीस कुंड्यांना दिवसाला पंधरा लिटर पाणी लागतं. दोनशे लिटरचं एक पिंप तेरा दिवस चालतं. उघडीप निभावते.

दुसरी वेळ परतीच्या पावसाची. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही पिंपं रिकामी करून घासतो आणि शेवटच्या सरींनी भरून घेतो. खालच्या पिंपातलं पाणीही मग झाडांसाठी राखून ठेवतो. ते वर नेण्याचं काम मात्र चिरंजीव आणि त्यांचे वडील करतात. चारशे लिटर पाणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरतं. चेन्नईच्या वाचकांचं वेळापत्रक वेगळं. त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, तेव्हा त्यांनी डिसेंबरात भरलेलं पाणी जानेवारीत कामी येईल. दिल्ली, इंदूर, बडोद्याच्या मंडळींनी सप्टेंबर चुकवू नये.

झाडांनाही हे पाणी मानवतं. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर धरतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे तो त्रास होत नाही.

मग मे महिन्याचं काय? खरं सांगायचं तर दोन पिंपांत उन्हाळा निघत नाही. पंधरा लिटरच्या हिशेबाने मार्च ते मे तेराशे-चौदाशे लिटर लागतील. स्वतःचं घर, अंगण असेल तर मोठी टाकी जरूर बांधा. सोसायटीत राहणाऱ्यांनी पिंपं भरून वाहणारं पाणी जमिनीत जिरवावं. वाळू-खडीच्या गाळणीतून ते शोषखड्ड्यात किंवा बोअरमध्ये सोडता येतं. मात्र हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. गाळ असलेलं घाण पाणी बोअरमध्ये गेलं, तर असलेलं पाणीही बिघडेल. आणि उन्हाळ्यात कुंडीतल्या मातीवर वाळक्या पाल्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा दोन बोटं थर द्या. मातीची ओल जास्त वेळ टिकते. तांदळाचं धुवण आहेच.

पुन्हा पाऊस

पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी आम्ही पिंपं पुन्हा लावली. लावण्याआधी मी तळमजल्यावर गेले. "तुमची हरकत असेल तर नाही लावत," असं शेजारणीला सांगितलं. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "झाकण मी बघेन. दर शनिवारी."

तेव्हापासून शनिवार तिचा. ती बॅटरी घेऊन येते, दोन्ही पिंपांच्या जाळ्या हाताने चाचपून बघते, वरच्या पिंपासाठी जिनाही चढते. मुलगीही बरोबर असते. एकदा जाळीला बोटभर भोक सापडलं, तेव्हा तिने अण्णांना असं काही फैलावर घेतलं की त्यांनी निमूटपणे दुकान गाठलं.

उन्हाळ्यात टँकर अजूनही येतो. दोन पिंपांनी तो थांबणार नव्हताच. गच्चीचं उरलेलं पाणी जिरवण्याचा विषय कार्यकारिणीच्या सभेत दोनदा येऊन पुढे ढकलला गेला आहे, अण्णा तिसऱ्यांदा मांडणार आहेत. सासूबाईंनी नवा मोगरा लावलाय. गेल्या सप्टेंबरात पंधरा दिवस पाऊस नव्हता, तेव्हा संध्याकाळी त्या वरच्या पिंपाच्या नळाखाली झारी धरून उभ्या असायच्या. जिना चढून जायचा, पण रिकाम्या हातांनी. गुडघ्यांबद्दल त्या अजूनही काही बोलत नाहीत. मीच विचारलं, तर म्हणाल्या, "आता बरे आहेत. मोगऱ्याला कळी आलीय, बघितलीस का?"